मुक्त ब्राउझर वापरून पाहिले: नावं डझनभर, इंजिनं तीन

ओंजळ

गेले तीन आठवडे एक उद्योग चालवला होता, त्याचा हा हिशोब. कपाटात पडून असलेला ४ जीबी रॅमचा लॅपटॉप बाहेर काढला, त्यावर लिनक्स टाकलं आणि मिळतील ते मुक्त ब्राउझर एकेक करून वापरले. नियम एवढाच, की ज्याची पाळी असेल त्यावरच दोन दिवस सगळं करायचं: मेल, वाचन, व्हिडिओ, फॉर्म भरणं, इथे येऊन वाद घालणंसुद्धा. अडलं म्हणून गुपचूप दुसरा उघडायचा नाही. (हा नियम दोनदा मोडला. पुढे येईलच.)

आधी एक खुलासा, नाहीतर पहिल्याच प्रतिसादात कुणीतरी खुसपट काढेल. मुक्त म्हणजे फुकट नव्हे. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द, म्हणून तिकडे मुक्त सॉफ्टवेअर चळवळ उभारणाऱ्या रिचर्ड स्टॉलमनना आयुष्यभर फरक समजावत बसावं लागलं. आपल्याकडे शब्दच दोन आहेत. क्रोम फुकट आहे, मुक्त नाही. तो ज्या क्रोमियमवर बांधलाय ते मुक्त आहे. विवाल्डीचा दर्शनी भाग मुक्त परवान्याखाली नाही, म्हणून आवडता असूनही यादीतून काढला.

यादी करताना डझनभर नावं जमली आणि उगाच श्रीमंत झाल्यासारखं वाटलं. मग कुणाच्या पोटात कुठलं इंजिन, म्हणजे पान प्रत्यक्ष रचून दाखवणारा भाग, आहे ते शेजारी लिहायला घेतलं. क्रोमियम, ब्रेव्ह, अनगूगल्ड क्रोमियम, फाल्कन, क्यूटब्राउझर: सगळ्यांत ब्लिंक. फायरफॉक्स, लिब्रवुल्फ, टॉर ब्राउझर: गेको. ग्नोम वेब, म्हणजे जुना एपिफनी: वेबकिट. पाट्या डझनभर, मोठी गोदामं तीन. (स्वतःचं इंजिन बाळगणारे नेटसर्फ आणि डिलो हे दोनच अपवाद.) त्यातही ब्लिंक २०१३ साली वेबकिटमधून फुटून निघालं, आणि वेबकिट मुळात ॲपलनं केडीई या मुक्त प्रकल्पाच्या केएचटीएमएल इंजिनावरून केलेलं. ज्या कॉन्करर ब्राउझरसाठी केएचटीएमएल लिहिलं गेलं, तो कॉन्करर आज क्यूटी वेबइंजिनवर म्हणजे फिरून क्रोमियमवरच चालतो. आजोबा नातवाच्या घरी भाड्यानं राहायला आल्यासारखं.

आता अनुभव.

फायरफॉक्सवर सगळ्यांत कमी अडलं. त्यातले कंटेनर मी आधी कधी वापरले नव्हते. एकाच खिडकीत दोन मेलखाती वेगवेगळ्या रंगांच्या टॅबांत उघडी राहतात, एकाच्या कुकीज दुसऱ्याला दिसत नाहीत. इतकी सुटसुटीत सोय मला बाकी कुठे मिळाली नाही. उभे टॅब आणि टॅबांचे गट २०२५ मध्ये आलेत, तेही बरे आहेत. पण मेमरी! कोण किती मेमरी घेतं ते दाखवणाऱ्या ‘टॉप’मध्ये बेरीज केली तर सगळ्यांत खादाड हाच निघाला.

ग्नोम वेब दिसायला देखणा. जाहिराती अडवायची सोय आतच, आणि फायरफॉक्स सिंकशी जोडून घेतो, हे ठाऊकच नव्हतं. एक्स्टेन्शनांच्या बाबतीत मात्र आनंद आहे. कामाच्या एका संकेतस्थळावर लॉगिनचं बटण कितीही दाबलं तरी ढिम्म. पहिला नियमभंग इथे.

फाल्कन ठीक. यापलीकडे काही आठवत नाही, हेच त्याचं परीक्षण समजा.

नेटसर्फपाशी मात्र मजा यायला लागली. २००२ साली रिस्क ओएस या संगणकप्रणालीसाठी सुरू झालेला प्रकल्प, इंजिन स्वतःचं, कुणाकडून उसनं नाही. लेख, कोश, दस्तऐवज यांची पानं झपकन येतात. जावास्क्रिप्ट अर्धीमुर्धी, त्यामुळे जिथे सगळं पान स्क्रिप्टच रचते तिथे कोरा पांढरा कागद. दुसरा नियमभंग.

आणि डिलो. हा उघडतो कधी ते कळतच नाही. जावास्क्रिप्ट नाहीच, विषय संपला. २०१५ नंतर नऊ वर्षं एकही आवृत्ती नाही, मूळ संकेतस्थळाचा पत्तासुद्धा हातचा गेला, आणि मे २०२४ मध्ये ३.१.० बाहेर आली. हा चिवटपणा मला फार आवडला. पण मराठी पान उघडलं आणि तिथे घोड्यानं पेंड खाल्ली. पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसलेली, जोडाक्षरांचे पाय मोडलेले. ‘किती’ वाचायला थांबावं लागलं.

तात्पुरता निकाल: नव्या यंत्रावर फायरफॉक्स, जुन्यावर मेमरी वाचवायला क्रोमियम. तुम्ही काय वापरता?

सावळागोंधळ

वाचतोय. मी अजून एकाच ब्राउझरचं अपडेट ‘नंतर आठवण करा’ म्हणत ढकलतोय आणि इथे लोक डझनभर पालथे घालतायत.

तळटीप

छान धागा, पण मेमरीचा निकाल मागे घ्या. मोजमाप चुकलंय.

ब्राउझर हल्ली एक प्रोसेस, म्हणजे एकच चालू प्रोग्राम, नसतो, दहावीस असतात. जानेवारी २०१८ मध्ये स्पेक्टर आणि मेल्टडाउन हे प्रोसेसर चिपमधले दोष उघड झाले, आणि एका प्रोसेसमध्ये दोन संकेतस्थळं ठेवली तर एकाला दुसऱ्याची मेमरी चोरून वाचता येईल ही भीती खरी ठरली. म्हणून प्रत्येक संकेतस्थळाला वेगळी प्रोसेस द्यायची पद्धत रूढ झाली. क्रोमनं त्याच वर्षी सुरू केली, फायरफॉक्सनं २०२१ च्या अखेरीस. ‘आजकालचे ब्राउझर रॅम खातात’ या तक्रारीत या भिंतींचा वाटा मोठा आहे, आणि त्या पाडाव्यात असं मी म्हणणार नाही.

या सगळ्या प्रोसेसा त्याच लायब्रऱ्या वापरतात, त्यामुळे मेमरीतला बराच भाग सामायिक असतो. ‘टॉप’मधला ‘रेस’ रकाना हा सामायिक भाग प्रत्येकाच्या नावावर पुरताच्या पुरता मांडतो. एका खोलीत पाच जण राहतात. प्रत्येकाला विचारलं तर प्रत्येक जण पूर्ण खोलीचं क्षेत्रफळ सांगतो, आणि आपण पाच खोल्या धरून मोकळे. ज्याच्या प्रोसेसा जास्त तो जास्त खादाड दिसणार.

‘एसमेम’ नावाचं छोटं साधन आहे. त्यातला पीएसएस रकाना सामायिक भाग वापरणाऱ्यांत वाटून दाखवतो, त्याची बेरीज करा. शिवाय दोघांत तीच पानं उघडा, एक्स्टेन्शनं सारखी ठेवा किंवा सगळी काढा, आणि उघडल्या उघडल्या मोजू नका, पाच मिनिटं जाऊ द्या.

सावळागोंधळ

तळटीपराव, माझ्या जुन्या संगणकावर विंडोज ७ आहे. त्यावर यातलं काय चालेल? हसू नका.

तळटीप

हसत नाही. फायरफॉक्सच्या नेहमीच्या आवृत्त्या विंडोज ७ साठी ११५ वर थांबल्या, पण ११५ च्या ईएसआर या जास्त काळ सांभाळल्या जाणाऱ्या शाखेला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत राहाव्यात म्हणून मोझिलानं मुदत एकदा नव्हे, अनेकदा वाढवली. मुदत चालू असेल तर तात्पुरती मलमपट्टी म्हणून ती घ्या. खाली विंडोज स्वतः उघडं पडलेलं आहे, त्याला ब्राउझर काय करणार? सवड काढून ओंजळताईंसारखं लिनक्स टाका.

जुनंखोड

डझनभर ब्राउझर पाहिले आणि टर्मिनलमधला, म्हणजे आज्ञा टंकायच्या मजकुरी खिडकीतला, एकही नाही? निषेध.

घोळ असा, की मराठीत लिहिताना पंचाईत होते. लिंक्स आणि लिंक्स. एक लिंक्स म्हणजे रानमांजर, १९९२ साली कॅन्सस विद्यापीठात जन्मलेला आणि आजही सांभाळला जाणारा. दुसरा लिंक्स म्हणजे दुवे, १९९९ चा. एकाच्या नावात वाय, दुसऱ्याच्या नावात आय, देवनागरीत दोघे जुळे. मी इथे रानमांजर आणि दुवेवाला असंच म्हणणार.

रानमांजर म्हणजे निव्वळ मजकूर. पानात तक्ता असला की त्याची लांबच लांब यादी करून टाकतो. दुवेवाला तक्ते नीट मांडतो, आणि दुसऱ्या आवृत्तीपासून त्याला चित्रं दाखवणारी खिडकीही आहे. पण माझा रोजचा म्हणजे डब्ल्यूथ्रीएम. तक्ते उत्तम, आणि टर्मिनल साथ देत असेल तर चित्रंही तिथल्या तिथे.

लोक विचारतात, २०२० नंतर हे कशाला? माझं उत्तर: वाचायला. लेख उघडला की लेखच येतो. वर्गणीची चौकट नाही, कुकीची परवानगी नाही, आपोआप सुरू होणारा व्हिडिओ नाही. आणि ‘डंप’ हा पर्याय दिला की अख्खं पान साध्या मजकुरात बाहेर पडतं, फाइलमध्ये साठवता येतं. पंधरा वर्षांचं माझं वाचन असं एका फोल्डरमध्ये पडलंय, कुठल्याही खात्यात अडकलेलं नाही.

दीडशहाणा

अल्पमत मांडतो, दगड मारू नका. सगळ्यांचं इंजिन एकच असलं तर बिघडतं कुठे? मी ब्रेव्ह वापरतो. जाहिराती आपोआप अडतात, सगळी संकेतस्थळं चालतात, कोड मुक्त आहे. ते क्रिप्टोचं पाकीट आणि बक्षिसांची भानगड पहिल्याच दिवशी सेटिंगमधून बंद केली, संपलं. तीन इंजिनांसाठी तीनदा तपासणी करत बसण्यापेक्षा एकच चांगलं इंजिन सगळ्यांनी मिळून सुधारावं. लिनक्सचा गाभा नाही का एकच?

जुनंखोड

दीडशहाणे, तुमचं वय किती ते विचारत नाही, पण एकच इंजिन असलेला काळ आम्ही पाहिलाय. इंटरनेट एक्सप्लोरर ६ आला २००१ साली, ७ यायला २००६ उजाडलं. पाच वर्षं! स्पर्धक उरला नव्हता, मग सुधारायचं कुणासाठी? त्या काळात संकेतस्थळांवर पाटी असायची, अमुकच ब्राउझर वापरा. फायरफॉक्स १.० नोव्हेंबर २००४ मध्ये आला तेव्हा कुठे पाणी हललं.

गाभ्याची तुलना बरोबर वाटत नाही. इथे इंजिन म्हणजे वेबचे नियम प्रत्यक्षात काय असतील ते ठरवणारा. मानकांच्या पत्रकात काहीही लिहा, ज्याचं इंजिन नव्वद जणांच्या घरात त्याचा बग हाच नियम. ऑपेरानं २०१३ मध्ये स्वतःचं प्रेस्टो सोडलं, मायक्रोसॉफ्टनं डिसेंबर २०१८ मध्ये एजचं इंजिन सोडत असल्याचं जाहीर केलं. एवढ्या मोठ्या कंपनीला स्वतःचं इंजिन परवडेना, तर पुढे कोण धजावणार?

अवांतर: तुमचा ब्रेव्ह काय, क्रोम काय, प्रत्येक जण संकेतस्थळाला स्वतःची ओळख ‘मोझिला/५.०’ अशीच सांगतो. फार पूर्वी संकेतस्थळं नाव बघून चांगलं पान द्यायची की साधं ते ठरवायची, म्हणून सगळ्यांनी तेच नाव धारण केलं. नाव गेलं नाही, सोंग राहिलं.

दीडशहाणा

चाळीस. आणि ती पाटी मलाही आठवते. मुद्दा मान्य, पण रोजचं काम अडलं की तत्त्वं बाजूला पडतात एवढंच म्हणतोय.

निळीशाई

अडण्याबद्दल. गेल्या महिन्यात एका वित्तसंस्थेच्या संकेतस्थळानं मला ‘तुमचा ब्राउझर चालणार नाही’ असं तोंडावर सांगितलं. फायरफॉक्सचं ओळखवाक्य बदलून क्रोमचं लावलं. सगळं सुरळीत चाललं, पैसे गेले, पावती आली. म्हणजे चालत होतंच, कुणी तपासलं नव्हतं इतकंच. ‘सगळी संकेतस्थळं चालतात’ यातलं बरंचसं चालणं असं आहे.

ओंजळ, तुम्ही लिब्रवुल्फवर एक ओळही लिहिली नाहीत. मी वर्षभर वापरतेय. फायरफॉक्सच आहे, टेलिमेट्री (वापराची माहिती परत पाठवणारा भाग) काढलेला, जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन आधीच बसवलेला, आणि ठसा लपवायची सेटिंग चालू. ठसा म्हणजे फॉन्टांची यादी, पडद्याचा आकार, वेळेचा पट्टा, चित्र रंगवायची लकब, असं सगळं जुळवून कुकीशिवाय माणूस ओळखायची रीत. ईएफएफ या डिजिटल हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेचं ‘कव्हर युअर ट्रॅक्स’ हे पान उघडून बघा, आपण गर्दीत किती उठून दिसतो ते कळतं आणि जरा अंगावर येतं.

पण किंमत मोजावी लागते. ब्राउझर बंद केला की कुकीज पुसतो, रोज नव्यानं लॉगिन. आणि ठसा लपवायचा म्हणून प्रत्येक संकेतस्थळाला वेळ यूटीसीची, म्हणजे भारताच्या साडेपाच तास मागची, सांगतो. मला हे ठाऊक नव्हतं. वेब कॅलेंडरवर बैठकीची वेळ बघितली, घाईघाईनं जाऊन बसले, आणि बैठकीला अजून साडेपाच तास होते. दोष माझा, पहिल्या दिवशी सेटिंग वाचायला हवी होती. आता कॅलेंडर फायरफॉक्सवर, भटकंती लिब्रवुल्फवर.

टॉर ब्राउझर वापरणाऱ्यांना एक विनंती: त्यात आपल्या आवडीची एक्स्टेन्शनं घालू नका. तिथे सुरक्षितता सगळे एकसारखे दिसण्यात आहे. तुम्ही वेगळी टोपी घातली की संपलं.

ओंजळ

लिब्रवुल्फवर लिहिलं नाही कारण दुसऱ्याच दिवशी सगळीकडून लॉगआउट झाले आणि रागानं पान उलटलं. तुमचा प्रतिसाद वाचून कळलं की तो बिघाड नव्हता, स्वभाव होता. पुन्हा पाळी देते.

तळटीप, काल रात्री एसमेमनं पुन्हा मोजलं. तीच दहा पानं, एक्स्टेन्शन एकही नाही, पाच मिनिटं थांबून. निकाल मागे घेतला. फायरफॉक्स आणि क्रोमियम यांच्यातला फरक इतका किरकोळ निघाला, की एकाच ब्राउझरच्या दोन मोजण्यांतलं अंतर त्याहून मोठं होतं. तीन आठवड्यांचा सगळ्यात ठाम निष्कर्ष एका रकान्यानं गेला.

मग यूब्लॉक ओरिजिन लावून पुन्हा बघितलं आणि चित्र पालटलं. जाहिरातींनी भरलेल्या पानांवर अडवणूक चालू केली की मेमरी खाली येते. कुठला ब्राउझर यापेक्षा काय अडवलं याला जास्त वजन. क्रोमियमवर मात्र पूर्ण यूब्लॉक बसेना, लाइट घ्यावा लागला. हे का?

तळटीप

मॅनिफेस्ट व्ही३, म्हणजे एक्स्टेन्शनांसाठीची क्रोमची नवी नियमावली. पूर्वी एक्स्टेन्शनला प्रत्येक मागणी जाण्याआधी थांबवून ‘ही जाऊ दे, ती नको’ असं स्वतः ठरवता यायचं. नव्या पद्धतीत नियमांची यादी आधी ब्राउझरच्या हाती द्यायची, ठरवणार ब्राउझर. कारण म्हणून वेग आणि सुरक्षितता सांगतात, त्यात अगदीच तथ्य नाही असं नाही. पण दारावरचा पहारेकरी काढून दाराला नुसती यादी चिकटवली तर धूर्त पाहुणा आत येणारच. क्रोमनं २०२४ पासून जुनी पद्धत टप्प्याटप्प्यानं बंद करत आणली. फायरफॉक्सनं अडवायची जुनी सोय ठेवलीय. दीडशहाण्यांच्या ब्रेव्हमध्ये अडवणारा भाग एक्स्टेन्शन नसून ब्राउझरच्या पोटातच आहे, म्हणून त्यांना झळ लागली नाही. हा गुण त्यांना द्यायला हवा.

दीडशहाणा

नोंद घेतली. स्क्रीनशॉट काढून ठेवतो.

निळीशाई

पण फायरफॉक्स तरी किती दिवस? मोझिलाच्या उत्पन्नाचा मोठा वाटा शोधाच्या करारातून, गूगलकडूनच येतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये वापराच्या अटी आणल्या, ‘तुमचा डेटा विकत नाही’ हे सरळ वाक्य काढलं, आरडाओरडा झाल्यावर शब्द फिरवले. लिब्रवुल्फ कितीही सोवळं असलं तरी गेको आटलं तर तेही गेलं.

तळटीप

खरंय. म्हणून दोन नावांकडे डोळे लावून बसलोय. एक सर्व्हो: मोझिलानं २०१२ मध्ये रस्ट भाषेत सुरू केलं, त्यातला सीएसएसचा, म्हणजे पानाची मांडणी-सजावट ठरवणारा, भाग नोव्हेंबर २०१७ च्या फायरफॉक्स ५७ मध्ये गेला, २०२० मध्ये त्या चमूला घरी पाठवलं, आणि प्रकल्प लिनक्स फाउंडेशनकडे गेला. आता पुन्हा धुगधुगी आहे. दुसरं लेडीबर्ड: सेरेनिटीओएस या छंदाच्या प्रकल्पात आंद्रेआस क्लिंगनं सुरू केलेलं, जून २०२४ मध्ये वेगळं निघालं. इंजिन कोऱ्या कागदावरून लिहिलेलं, आणि शोधकराराचे पैसे घेणार नाही असं सांगितलंय. रोज वापरायला अजून सांगणार नाही, पण सुरुवातीपासून नवं इंजिन लिहिणं अशक्य, असं म्हणणाऱ्यांना आता जरा थांबून बोलावं लागतं.

अनुस्वार

उशिरा येतोय. डिलोमधल्या मोडक्या मराठीबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून.

देवनागरीत अक्षरं साठवायचा क्रम आणि काढायचा क्रम वेगळा. ‘कि’मध्ये क आधी साठवला जातो, वेलांटी नंतर, काढताना वेलांटी आधी. ही अदलाबदल आणि जोडाक्षरांची जुळणी करणारा एक स्वतंत्र थर लागतो. फायरफॉक्स आणि क्रोमियम दोघांतही ते काम हार्फबझ नावाची मुक्त लायब्ररी करते. डिलो ज्या हलक्या साधनपेटीवर (टूलकिट) बांधलाय ती एक्सएफटी या फॉन्ट काढणाऱ्या लायब्ररीनं अक्षरं साठवल्या क्रमानं एकापुढे एक ठेवते. हलकेपणाची किंमत अशी आपल्या लिपीनं मोजली. टर्मिनलचंही तेच, तिथे दोष ब्राउझरचा नसून टर्मिनलचा असतो. जुनंखोड, तुमच्या पंधरा वर्षांच्या फोल्डरमध्ये मराठी काही आहे का?

जुनंखोड

निम्मं मराठीच आहे. वाचताना टर्मिनलवर नाही, एडिटरमध्ये उघडतो. पण तुम्ही विचारलंत म्हणून एक जुनं दुखणं सांगतो. ग्रेप या फाइलींत शब्द शोधणाऱ्या साधनानं ‘दुसऱ्या’ शोधलं की काही लेख सापडतात, काही नाही. न सापडलेला लेख उघडून बघावा, तर शब्द समोर दिसतोय. कुठल्या तरी ब्राउझरनं डंप बिघडवला अशी शंका आहे.

अनुस्वार

ब्राउझर निर्दोष आहे. हा अर्धा ऱ दोन प्रकारे टंकता येतो. एक, ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर, मग हलन्त, मग य. दोन, साधा ‘र’, हलन्त, मग झीरो विड्थ जॉइनर नावाचं अदृश्य चिन्ह, मग य. दुसऱ्या आणि दुसर्‍या. डोळ्यांना एकच, ग्रेपला दोन वेगळे शब्द. कुणाचा कीबोर्ड काय टंकतो त्यावर अवलंबून.

‘दुस’ एवढंच शोधा, दोन्ही हाती लागतील. ‘सुऱ्या’, ‘दऱ्या’, ‘तऱ्हा’ सगळ्यांना हेच लागू.

जुनंखोड

सापडले. एकवीस लेख, आणि त्यातला एक मी आठ वर्षं शोधत होतो.

सावळागोंधळ

तो कशावर आहे ते तरी सांगा.

जुनंखोड

कीबोर्डची निवड.